डिझेलला ठिणगी लागत नाही

माझं गॅरेज वाळवा तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. त्यामुळे ट्रॅक्टर, जनरेटर, विहिरीवरची हँडलची इंजिनं, सगळंच येतं. नव्या पोराच्या हातात पाना देण्याआधी मी सांगतो की याला ठिणगी लागत नाही. पेट्रोलच्या गाडीत प्लगचा करंट तोडला की विषय संपला. डिझेलमध्ये हवा 15-20 पट दाबली जाते आणि त्यानेच इतकी तापते की फवारलेलं तेल आपोआप पेटतं. तेल आणि हवा मिळत राहिली, तर किल्ली तुमच्या खिशात असली तरी इंजिन चालूच राहणार.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे नोझलच्या पाइपची गळती. चालू इंजिनावर ती बोटाने चाचपायची आमच्या धंद्यात जुनी खोड आहे, आणि ती मला बिलकूल खपत नाही. कारच्या चाकात हवेचा दाब 2 बारच्या आसपास असतो. जुन्या इंजिनाचं नोझल साधारण 200 बारला उघडतं, तर नव्या कॉमन रेल इंजिनात दाब 1600-2000 बारपर्यंत जातो. केसाएवढी ती धार डोळ्याला दिसत नाही, पण हातमोज्यासकट कातडी भेदून आत शिरते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण. सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस हळद दाबून परत कामाला लागतो. आत मात्र मांस मरत जातं आणि उशीर झाला तर बोट कापायची पाळी येते. असं झालं तर लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना 'दाबाने डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. गळती शोधायला लांबून धरलेला पुठ्ठा पुरतो. आणि कॉमन रेलचा नट चालू इंजिनावर सैल करायचाच नाही.

दुसरी भीती पळालेल्या इंजिनाची. टर्बोचं सील गेलं किंवा ऑइल जास्त भरलं, तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं. हवेत गॅस पसरला असेल तर तोही चालतो. 2005 साली अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत बाहेर पडलेली वाफ जवळ चालू ठेवलेल्या डिझेल पिकअपने ओढली. इंजिन बेफाम झालं, आणि बहुधा त्याच गाडीने भडका उडाल्याचं चौकशीत निघालं. 15 माणसं गेली. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे हवा तोडणं. हवा ओढायच्या तोंडावर जाड फळी दाबा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर त्यात सोडा. हात नको, फडकं तर नकोच, ते आत ओढलं जातं. गिअरची गाडी असेल तर टॉप गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडा. जवळ जाता येत नसेल तर सरळ लांब पळा. इंजिन नवं आणता येतं.

बाकीचं बहुतेकांना ठाऊक असतं, फक्त घाईत सुटतं. दुरुस्तीआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं, गरम रेडिएटरचं झाकण न उघडणं, गळ्यातला टॉवेल खुंटीला लावणं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटतं, अंगठा मोडत नाही.

थंडीत सुरू होईना म्हणून इथरचा फवारा मारणारे मला आवडत नाहीत. ग्लो प्लग, म्हणजे थंडीत सिलिंडर आतून तापवणारा प्लग, तापलेला असेल तर स्फोट तिथेच होतो. तो डबा मी गॅरेजात ठेवत नाही. त्यापेक्षा आधी बॅटरी तपासा, मग ग्लो प्लग, मग कॉम्प्रेशन.