सोन्याची पिन आणि टीव्हीचं चित्र

नवा टीव्ही पसंत पडतो, घासाघीस होते, पैसे भरायची वेळ येते. तेवढ्यात विक्रेता म्हणतो, "साहेब, एवढा भारी टीव्ही घेताय, मग केबलही तशीच घ्या. पिनांना सोन्याचा मुलामा आहे, रंग कसे खुलून दिसतील!" आणि काहीशे रुपयांऐवजी काही हजारांची केबल पिशवीत पडते. हा खर्च खरंच करायला हवा का?

जुन्या टीव्हीत चित्र विजेच्या लहरींतून येई. लहर वाटेत बिघडली की पडद्यावर मुंग्या आणि सावल्या दिसत. तेव्हा केबलच्या दर्जाला मोल होतं. २००२मध्ये आलेल्या 'एचडीएमआय' केबलमधून मात्र चित्र शून्य आणि एक या अंकांच्या रूपात जातं. फोन नंबर कुणी गोड आवाजात सांगो की घोगऱ्या, आकडे नीट कळले की फोन तिथेच लागतो. केबलचंही तसंच आहे. अंक गळू लागले तर रंग फिके पडत नाहीत. ठिपके चमकतात, चित्र अडखळतं किंवा पडदा काळा होतो. यातलं काही होत नसेल, तर महाग केबल आणखी काय सुधारणार?

मग पाहायचं काय? वेग आणि लांबी. 'फोर-के' चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायला १८ गिगाबिट वेगाची, 'प्रीमियम हाय स्पीड' शिक्क्याची केबल पुरते. नव्या गेमिंग यंत्रांसाठी ४८ गिगाबिटची 'अल्ट्रा हाय स्पीड' घ्यावी. दोन मीटरला साधी तांब्याची केबल ठीक. दहा-पंधरा मीटर न्यायची असेल, तर प्रकाशतंतूच्या केबलवर जास्त पैसे घालणं योग्यच. सोनं गंजत नाही, म्हणून कोकणासारख्या दमट हवेत मुलामा उपयोगी. पण तो इतका पातळ असतो की स्वस्त केबललाही मिळतो.

स्पीकरची तार अजून जुन्याच पद्धतीनं लहरी नेते. तिथे जाडी महत्त्वाची. अडीच चौरस मिलिमीटरच्या, पाच मीटर लांबीच्या तांब्याच्या जोडतारेचा रोध सुमारे ०.०७ ओहम, आठ ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्क्याहूनही कमी. अशी तार विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते.

तरीही शंका असेल, तर घरच्या कुणाला तरी, तुम्हाला न सांगता, दोन्ही केबल आलटूनपालटून लावायला सांगा. फरक ओळखता आला नाही, तर महागडी केबल मुदतीत परत करा आणि वाचलेले पैसे चांगल्या स्पीकरसाठी ठेवा. तो फरक मात्र कानांना नक्की कळेल!