धरणात गेलेलं आठ हजार वर्षांपूर्वीचं मच्छीमार गाव

धरणाखाली गेलेली गावं आपल्याला नवी नाहीत. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि बुडालेल्या गावाच्या आठवणी निघतात. असंच एक गाव युरोपात, सर्बिया देशात डॅन्यूब नदीच्या काठी होतं. नाव लेपेन्स्की वीर. ‘वीर’ म्हणजे तिकडच्या भाषेत पाण्यातला भोवरा.

तिथं धरणाचं काम १९६४ मध्ये सुरू झालं. पाणी चढण्याआधी पुरातत्त्वज्ञ द्रागोस्लाव स्रेयोविच यांनी १९६५ पासून उत्खनन केलं. काय सापडलं म्हणाल? सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची घरं! सगळ्यांची रुंद बाजू नदीकडे, जमीन चुन्याची, घोटून कडक केलेली, मध्ये दगडी चूल. शिवाय नदीतल्या गोट्यांवर कोरलेले चेहरे. डोळे बटबटीत, तोंड थेट माशाचं.

ही माणसं मासळीवर जगत. हाडांच्या रासायनिक तपासणीतही तेच दिसलं. काळ्या समुद्रातून अंडी घालायला नदीत वर चढणारा स्टर्जन नावाचा अवाढव्य मासा ते पकडत. पुढं शेती करणारे लोक या खोऱ्यात आले, त्यांच्याबरोबर मातीची भांडी आली. पण जुना धंदा लगेच सुटला नाही बरं का! त्या भागातल्या भांड्यांत मुरलेले अंश तपासले, तेव्हा इतर ठिकाणी दूध-मांसाच्या खुणा मिळाल्या, इथं मात्र माशाच्या. हा अभ्यास २०१९ सालचा.

१९७२ मध्ये धरण पुरं झालं. त्याआधी घरांचे अवशेष उचलून सुमारे ३० मीटर उंचावर नेले. आज तिथं संग्रहालय आहे. पण त्याच धरणानं स्टर्जनची वाट अडवली. ज्या माशावर ते गाव जगलं, तो आता तिथवर पोचत नाही.

आपल्याकडंही धरण आलं की घर मोजतात, जमीन मोजतात. पण ज्याचं पोट नदीवर, त्या भोई-कोळ्याचा डोह कुठल्या सातबाऱ्यावर असतो? तुमच्या गावच्या नदीत पूर्वी कोणते मासे चढत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचाराच. आणि वहीत लिहूनही ठेवा.