ग्रीन्सबर्गची रात्र : एका वादळाच्या आठवणी

उन्हाळ्यात माळावर धूळ, पाचोळा उचलून गिरक्या घेत जाणारी वावटळ आपण सर्वांनीच पाहिली आहे. ती तापलेल्या जमिनीतून वर उठते आणि दोन-चार मिनिटांत विरून जाते. टॉर्नेडो मात्र ढगातून खाली उतरतो. मराठीत त्यास घूर्णवाती वादळ असा शास्त्रीय शब्द आहे. कोकणाने 2020 साली अनुभवलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद होते आणि त्याची पूर्वसूचना आधीच मिळाली होती. टॉर्नेडोची रुंदी बहुधा काहीशे मीटर आणि सूचनेचा अवधी काही मिनिटांचा. म्हणूनच त्याच्या आठवणी चक्रीवादळाच्या आठवणींहून वेगळ्या असतात. त्या मिनिटांच्या हिशेबाने सांगितल्या जातात.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ग्रीन्सबर्ग नावाचे एक लहान गाव आहे. 1887-88 मध्ये माणसांनी हातांनी खणलेली 109 फूट खोल आणि 32 फूट व्यासाची विहीर, हीच त्याची ओळख. सुमारे चौदाशे वस्तीचे हे गाव 4 मे 2007 रोजी, शुक्रवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास जवळजवळ पुसले गेले. वैशाख पौर्णिमा होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. पण त्या रात्री आकाशात उजेड होता तो केवळ विजांचा.

असे वादळ निर्माण कसे होते? मेक्सिकोच्या आखातावरून उष्ण, दमट हवा उत्तरेकडे सरकते. पश्चिमेकडून कोरडी हवा येते आणि वरच्या थरांत थंड हवा असते. जमिनीलगतचा वारा एका दिशेने मंद, तर उंचावरचा दुसऱ्या दिशेने वेगवान असला की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. वर चढणारा उष्ण प्रवाह हे आडवे लाटणे उभे करतो. मग फिरता स्तंभ जसजसा अरुंद होतो तसतशी त्याची गती वाढते. ग्रीन्सबर्गवर आलेला स्तंभ अरुंद म्हणावा असाही नव्हता. त्याची कमाल रुंदी सुमारे 2.7 किलोमीटर, म्हणजे गावाहूनही अधिक होती. संपूर्ण गाव त्याच्या पोटात गेले.

वाचलेल्या रहिवाशांच्या आठवणींत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. प्रथम भोंगा, मग वीज जाते आणि भोंगाही थांबतो. ती शांतता अनेकांना पुढच्या आवाजापेक्षा भयंकर वाटली. त्यानंतर कानांत असह्य दडे बसतात. घाट चढताना आपल्याला जे थोडेसे जाणवते तेच येथे काही क्षणांत घडते, कारण वादळाच्या गाभ्यात हवेचा दाब झपाट्याने उतरतो. मग आगगाडीसारखा अखंड गडगडाट. शेवटी तळघरातून वर आल्यावर घराच्या जागी आकाश दिसते. झाडे, पाट्या, कोपऱ्यावरची दुकाने, काहीच उरले नसल्याने जन्मभर राहिलेल्या माणसांनाही स्वतःची गल्ली ओळखता येईना. धान्याचे उंच कोठार तेवढे उभे राहिले.

या आठवणींना शास्त्रीय मोलही आहे. अशा वादळाचा वेग बहुधा प्रत्यक्ष मोजता येत नाही. पडझड पाहून तो अनुमानाने ठरवावा लागतो. त्यासाठी जपानमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ फुजिता यांच्या नावाची श्रेणी वापरतात. तिची सुधारित आवृत्ती फेब्रुवारी 2007 मध्ये लागू झाली आणि तिच्यात सर्वोच्च, म्हणजे पाचवी पायरी गाठणारे पहिले वादळ ग्रीन्सबर्गचेच ठरले. अनुमानित वेग ताशी सुमारे 330 किलोमीटर.

गावाचा 95 टक्के भाग नष्ट झाला, तरी मृतांची संख्या 11च्या आसपास राहिली. याचे श्रेय हवामान खात्याने सुमारे वीस मिनिटे आधी दिलेल्या इशाऱ्याला आणि घरोघरच्या तळघरांना आहे. या ठिकाणी दुसरे एक वादळ आठवल्यावाचून राहवत नाही. 26 एप्रिल 1989 रोजी बांगलादेशातील मानिकगंज जिल्ह्यात दौलतपूर-सातुरिया भागावर टॉर्नेडो आला. दीर्घ अवर्षणाने होरपळलेला तो प्रदेश पावसाची वाट पाहत होता. सुमारे 1300 माणसे मृत्युमुखी पडली. ज्ञात इतिहासातील हे सर्वांत प्राणघातक टॉर्नेडो मानले जाते. तेथे ना भोंगा होता ना तळघर. कुडाच्या आणि पत्र्याच्या घरांत माणसे राहत होती. वारा कोणाची गरिबी पाहून येत नाही हे खरे, पण तो येऊन गेल्यावर कोण उरते हे घराच्या भिंतींवर आणि वेळेवर मिळालेल्या सूचनेवर ठरते. ग्रीन्सबर्गच्या आठवणी जितक्या सहज वाचायला मिळतात तितक्या मानिकगंजच्या मिळत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

आपल्याकडे टॉर्नेडो विरळा; परंतु वळिवाच्या वादळात पत्रे उडणे नित्याचे. दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडाव्यात, ही जुनी समजूत चुकीची आहे. आत शिरलेला वारा छताला खालून रेटतो, वरून वाहणारा त्याला ओढतो आणि छत उचलले जाते. खिडक्या-दारे लावून घ्यावीत, मुलांना पक्क्या इमारतीतील खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून दूर, आतल्या भिंतीशी बसवावे आणि डोके हातांनी झाकावयास सांगावे. पत्र्यांचे हूक मार्चअखेरीसच तपासून घेतलेले बरे.

ग्रीन्सबर्गमध्ये शाळाही जमीनदोस्त झाली होती. पुढील वर्ष मुले तात्पुरत्या खोल्यांत शिकली. वादळाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, 4 मे 2008 रोजी, तेथील शाळेच्या निरोप समारंभात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी भाषण केले. नवी शाळा 2010 मध्ये सुरू झाली. गावकऱ्यांनी मोठ्या तंबूत सभा भरवून गाव पर्यावरणपूरक पद्धतीने बांधण्याचे ठरवले. जवळच दहा पवनचक्क्याही उभ्या राहिल्या. ज्या वाऱ्याने गाव नेले त्याच्यापासून आता वीज निर्माण होते. याचे कौतुक जगभर झाले. मात्र 2000 च्या जनगणनेत 1574 असलेली लोकसंख्या 2010 मध्ये 777 वर आली, ही गोष्ट त्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही. जे परतले नाहीत त्यांच्याही आठवणी त्याच गावाच्या आहेत. जुन्या विहिरीवर 2012 मध्ये नवे संग्रहालय उघडले असून त्यात विहिरीच्या इतिहासाबरोबर त्या रात्रीची कहाणीही मांडलेली आहे. विहिरीला मात्र वादळाने फारसा धक्का लावला नव्हता. ती जमिनीखाली होती.