गाडी सोडून जाताना

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने निघालं की आरे आणि वारे या दोन गावांपाशी रस्ता समुद्राला खेटून डोंगराच्या कुशीत चढतो. खाली दोन्ही बाजूंना पुळण, मागे सुरूचं बन आणि समोर उघडा अरबी समुद्र. इथे न थांबता पुढे जाणारा माणूस विरळाच. पण थांबायची जागा सपाट नाही. गाडी चढावरच कडेला घ्यायची, हातब्रेक ओढायचा, पोरांना उतरवायचं आणि कठड्याकडे चालायला लागायचं. आपण फोटो काढत असतो तेव्हा दीड टनाचं लोखंड उतारावर उभं असतं आणि त्याला धरून ठेवणारं माणूस आत कुणी नसतं.

पायाचा ब्रेक कितीही चांगला असला तरी त्याला चालकाचा पाय लागतो. चालक खाली उतरल्यावरही काम करायचं असतं ते फक्त हातब्रेकने. असं असून गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग तोच. जुन्या जीपवाल्यांमध्ये तर ‘गिअरमध्ये टाक आणि चाकाखाली दगड लाव’ हाच हातब्रेक मानला जातो. या दुर्लक्षाला एक कारण आहे. जुन्या जीपचा हातब्रेक ज्या जागी बसवला आहे, ती जागा कोकणात त्याला फार काळ धड राहू देत नाही.

आजच्या बहुतेक गाड्यांत हातब्रेकची केबल मागच्या दोन चाकांपर्यंत जाते. विलीज जीपची रचना वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्या जीपचा हातब्रेक चाकांवर नव्हताच. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, तिच्यातून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो, नेमका तिथे एकच छोटा ड्रम. डॅशबोर्डखालचा दांडा ओढला की तो ड्रम आवळला जायचा आणि शाफ्ट जागच्या जागी थांबायचा. १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने कंपनी निघाली, १९४७पासून तिने विलीजच्या जीप आपल्याकडे आणल्या, १९४८मध्ये तिचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं, आणि जीपसोबत ही रचनाही आपल्या रस्त्यांवर आली. उंच बॉनेटच्या सीजे ३बी जीपमध्येही शाफ्टवरचाच हातब्रेक. तिकडे इंग्लंडात १९४८ साली निघालेल्या लँडरोव्हरने हीच पद्धत उचलली आणि जानेवारी २०१६मध्ये तिची मूळ घडणीची शेवटची डिफेंडर बाहेर पडेपर्यंत सोडली नाही.

इतकी वर्षं टिकलेल्या गोष्टीत काहीतरी शहाणपण असणारच, आणि ते आहे. थोडा हिशेब केला की दिसतं. वाहनांच्या ब्रेकसाठी जी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, ती भरलेली गाडी १८ टक्के उतारावर, तोंड वर असो की खाली, उभी राहिली पाहिजे असं सांगते. कारसाठी हाच आकडा २० टक्के आहे. माणसं-सामानासह जीप १५०० किलोची धरली, तर १८ टक्के उतारावर तिला खाली ओढणारा जोर साधारण २६५ किलोंचा होतो. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर. म्हणजे चाकं रोखायला सुमारे ९३ किलो-मीटरचा पीळ लागणार. मात्र चाक आणि शाफ्ट यांच्यामध्ये क्राउन-पिनियन आहे. सीजे ३बीत त्यांचं प्रमाण ५.३८ला एक. चाकावर जे काम करायला ९३ लागतात, तेच शाफ्टवर १७ ते १८मध्ये होतं. पिनियन गाडी पळवताना इंजिनाचा जोर वाढवतो, उभी असताना ब्रेकचा. म्हणून एवढासा ड्रम एवढ्या मोठ्या गाडीला पुरतो. शिवाय सगळं एकाच जागी. खालीवर नाचणाऱ्या ॲक्सलपर्यंत दोन लांब केबली नेऊन त्या सारख्या ताणत बसायला नको.

आता दुसरी बाजू. ड्रम बसला आहे गाडीच्या पोटाखाली, बरोबर मध्यभागी. ट्रान्सफर केसच्या मागच्या ऑइल सीलला तो चिकटून आहे. सील म्हातारं झालं की गिअर ऑइल थेंबाथेंबाने थेट ड्रममध्ये उतरतं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आंब्याच्या बागेत जाणारे कच्चे रस्ते जांभ्याच्या लाल मातीचे. पऱ्ह्या ओलांडताना पाणी पोटाला लागतं, ड्रममध्ये शिरतं, आणि बाहेर पडायला त्याला नीट वाट नसते. असा ड्रम उघडून पाहावा. आत लाल चिखल, वाळूचे कण आणि काळं ऑइल यांचा घट्ट लगदा असतो. लायनरवर बोट फिरवलं तर तुकतुकीत लागतं, जणू मेण लावलंय. शूजच्या स्प्रिंगा गंजून अर्ध्या झालेल्या. ॲडजस्टरचा चौकोनी माथा पान्याने झिजून गोल झालेला, आणि स्क्रू तर जागचा हलतच नाही. दांडा मात्र वर छान कटकट आवाज करत ओढला जातो, म्हणून मालकाला वाटतं, ब्रेक लागला.

यावरचा जो उपाय गेली काही वर्षं लँडरोव्हरवाल्यांनी जगभर स्वीकारला, तो म्हणजे हा ड्रम काढून त्याच जागी डिस्क बसवणं. इंग्लंडच्या एक्स-इंजिनिअरिंगचा ‘एक्स-ब्रेक’ हा त्यातला नावाजलेला संच. फ्लँजवर उघडी डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारा यांत्रिक कॅलिपर. डिस्कब्रेकची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टरने बर्मिंगहॅममध्ये १९०२ साली तिचं पेटंट घेतलं. १९५३च्या ल मान्स शर्यतीत डिस्क लावलेली जॅग्वार पहिली आली आणि मग ती सगळीकडे पसरली. शाफ्टवर तिचा फायदा साधा आहे: ती उघडी आहे. चिखल उडाला तर फिरताना भिरकावला जातो. पाणी आलं तर साचत नाही. काय चाललंय ते वाकून, बॅटरी मारून पाहता येतं, काही खोलावं लागत नाही. माझ्या मते हा शेवटचा गुण सगळ्यात मोठा. जे दिसतं त्याचीच निगा राखली जाते.

पण ड्रमची एक करामत डिस्कला येत नाही. ड्रममध्ये गाडी सरकू लागली की पुढचा शू ड्रमसोबत ओढला जाऊन स्वतःच जास्त आवळतो. डिस्कमध्ये अशी फुकटची मदत नाही. जेवढं चिमटाल तेवढंच धरेल. वरचाच हिशेब पुढे नेऊ. डिस्कच्या मध्यापासून पॅड १० सेंटिमीटरवर असेल तर घर्षण सुमारे १७५ किलोंचं हवं. दोन पॅड आणि ०.३५चा घर्षणांक धरला, तर चिमटा साधारण २५० किलोंचा. हाताची ओढ २० किलोंची असेल तर दांडा, केबल आणि कॅलिपरचा कॅम मिळून तिला साडेबारा पट करायला हवी, आणि गंजक्या केबलीत जे वाया जाईल ते वेगळं. म्हणूनच या बदलात जुनी केबल तशीच ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर आहे. हायड्रॉलिक कॅलिपर लावून त्यात दाब कोंडून ठेवण्याची युक्तीही काहीजण सुचवतात. ती इथे चालत नाही. कोंडलेला दाब रात्रीत कमी होऊ शकतो. उभ्या गाडीचा ब्रेक यंत्रानेच अडकून राहिला पाहिजे, आणि नियमही तेच सांगतो.

बसवण्याचं काम लँडरोव्हरला तयार संचामुळे सोपं जातं. जीपला ब्रॅकेट आणि डिस्कची बैठक लेथवर करून घ्यावी लागते, आणि तिथे घाई करू नये. गाडी सपाट जागेवर घ्यायची आणि चाकांच्या पुढे-मागे दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे. हे आधी, कारण शाफ्ट सुटला की मागची चाकं मोकळी होतात, हातब्रेक लावलेला असला तरी. शाफ्टच्या आणि ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर छिन्नीने एक खूण करायची, म्हणजे तो जसा होता तसाच परत बसेल. मग चार बोल्ट, शाफ्ट बाजूला बांधून ठेवायचा. ड्रम सहसा हाताला येत नाही. लाकडी हातोड्याने फिरवत फिरवत ठोकावा लागतो. शूज, स्प्रिंगा, मागची प्लेट सगळं उतरलं की ऑइल सील समोर येतं. ते गळत असो वा नसो, बदलून टाकावं. थोड्या रुपयांचं सील वाचवून नव्या पॅडवर ऑइल पाडण्यात शहाणपण नाही. सील ज्या धातूवर फिरतं तिथे नखाने चाचपून पाहावं. चर पडला असेल तर नवं सीलही गळणार.

मग डिस्क. फ्लँजचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून लख्ख करायचा. तिथे रंगाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क वाकडी बसते. बसवल्यावर हाताने फिरवून डायल गेजने डोल तपासायचा. चाकावरच्या डिस्कपेक्षा इथे याची गरज जास्त आहे, कारण शाफ्ट चाकाच्या पाच पटीहून जास्त वेगाने फिरतो. डोल असेल तर पॅड सतत चाटत राहतील, तापतील, आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात झिजून जातील. कॅलिपर असा टांगायचा की पुढचा शाफ्ट, सायलेन्सरचा पाइप आणि चासीचा आडवा बार यांपैकी कशालाही लागू नये, आणि इंजिन आपल्या रबरांवर हललं तरीही लागू नये. पॅड आणि डिस्क यांच्यातली फट फीलर गेजने दोन्ही बाजूंना सारखी करायची. केबल शेवटी. आधी केबलने ओढून फट कमी करायची आणि मग ब्रेक छान लागतो म्हणायचं, ही गॅरेजमध्ये हमखास होणारी चूक. फट कॅलिपरवरच जुळवायची. केबलने फक्त ढिलाई काढायची. शाफ्टचे नट नवे, लॉकिंगचे.

एवढं करूनही काही गोष्टी बदलत नाहीत. ब्रेक शाफ्टवर आहे, म्हणजे त्याच्या आणि चाकांच्या मध्ये डिफरन्शियल आहेच. मागचं एक चाक जमिनीवरून उचललं गेलं, तर शाफ्ट घट्ट धरलेला असतानाही उचललेलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं पुढे सरकतं आणि गाडी निघते. पंक्चरसाठी मागे जॅक लावणाऱ्याने हे जन्मात विसरू नये. ड्रम असो की दोन इंच जाड डिस्क, फरक पडत नाही. फोर व्हील लावून ठेवलं तर पुढची चाकंही धरली जातात आणि थोडा आधार मिळतो, पण त्यासाठी हब लॉक केलेले हवेत आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीवर हवीत. ठोकळ्यांना पर्याय नाही. तसंच, चालत्या गाडीत हा ब्रेक ओढू नये. सगळा धक्का जॉइंट क्रॉस आणि क्राउन-पिनियनवर जातो.

गाडी उभी केल्यावर ती जी किंचित डुलते, तेही राहणारच. क्राउन-पिनियनचे दाते, शाफ्टच्या खाचा, क्रॉस यांतली सगळी ढिलाई संपली की मग ब्रेक धरतो. पायाचा ब्रेक दाबूनच हातब्रेक ओढावा, मग पाय हळूच सोडावा, गाडी बसू द्यावी आणि नंतर गिअर टाकावा. गिअर आधी टाकला तर भार गिअरबॉक्सवर जातो आणि हातब्रेक खरंच धरतो की नाही हे कधी कळतच नाही.

किनाऱ्यावर डिस्कचा स्वतःचा शत्रू आहे तो गंज. चाकावरच्या डिस्कचा गंज रोजच्या ब्रेकने घासून निघतो. ही डिस्क फक्त उभ्या गाडीत चिमटली जाते, म्हणून खाऱ्या वाऱ्याचा थर तिच्यावर तसाच राहतो. आरे-वाऱ्याच्या रस्त्यावर पावसाळी वाऱ्यात उभी केलेली गाडी घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवावी, कॅलिपरची सरकती पिन मोकळी आहे का पाहावं, आणि रिकाम्या सपाट जागी माणसाच्या चालीने गाडी सरकताना दांडा हलकासा ओढून डिस्क पुसून घ्यावी. वर धक्क्याचं सांगितलं त्याला हा एवढाच अपवाद. पुळणीवर मात्र गाडी घालूच नये. भरतीला अडकलेली गाडी कुठल्याही ब्रेकने वाचत नाही, आणि ती जागा चाकांसाठी नाहीही. पावसाळाभर जीप शेडमध्ये उभी राहणार असेल तर हातब्रेक सोडून ठेवावा, नाहीतर पॅड डिस्कला चिकटतात.

कायद्याचंही ध्यानात ठेवायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करायला मर्यादा घालतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. ब्रेकसारखा भाग बदलण्याआधी आरटीओत विचारून, लेखी घेऊन पुढे जावं. विमा कंपनीलाही कळवावं.

आणि काम झाल्यावर चाचणी घ्यायची ती गॅरेजच्या दारात नव्हे, घाटीत. रहदारी नसलेला चढ निवडायचा, गाडी भरलेली, चालक आत, दुसरा माणूस ठोकळा घेऊन बाजूला उभा, गाडीच्या वाटेत नाही. आधी तोंड वर, मग तोंड खाली. ड्रमवाल्या जीप कधी कधी एका बाजूला पक्क्या धरतात आणि दुसऱ्या बाजूला घसरतात. डिस्क दोन्हीकडे सारखी धरायला हवी. धरली नाही तर केबलीला हात लावायच्या आधी पॅडची फट पुन्हा मोजायची.