काचेवरचा नेम

मोरोपंतांच्या बारामतीहून तुकोबांच्या पालखीच्या वाटेने काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी, निमगाव केतकी असे मजल दरमजल करीत कोणी इंदापुरास निघाला, तर एसटीच्या थांब्यावर, रसवंतीच्या मांडवात किंवा साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी खोळंबलेल्या ट्रॅक्टरवर, मोबाईल आडवा धरून दोन्ही अंगठे काचेवर फिरविणारे तरुण त्यास ठायी ठायी भेटतील. आणि ‘रिकॉइल’, ‘जायरो’, ‘स्प्रे’, ‘पिंग’ हे शब्द त्यांच्या तोंडून ज्या सहजतेने निघतात ती ऐकून, बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, अर्थात पोरांच्या बोलीतला बीजीएमआय, हा बंदूकबाजीचा खेळ म्हणजे बोटांची एक स्वतंत्र विद्या आहे, याविषयी त्याच्या मनात संशय उरणार नाही. परंतु जी विद्या ऐकीव माहितीवर पसरते तिच्यात भ्रमही पुष्कळ शिरतात.

त्यांतला सर्वांत जुना भ्रम असा, की गोळी झाडण्याचे बटण जितके जोराने दाबावे तितका मार जबर बसतो. वस्तुतः आजच्या मोबाईलची काच दाब मोजीतच नाही. तिच्याखाली विद्युत्वाहक पदार्थाचे पारदर्शक जाळे असते. बोट जवळ येताच त्यावरील विद्युत्भारात जो सूक्ष्म फरक पडतो, तो कोठे पडला एवढेच यंत्रास उमगते. (काही आयफोनांत दाब ओळखण्याची सोय २०१५ साली आली होती, २०१९ पासूनच्या नव्या नमुन्यांत ती राहिली नाही.) जोराने दाबल्याने उलट घर्षण वाढते, घामेजलेला अंगठा काचेला अडतो आणि नेम सरकविण्याची गती मध्येच तुटते. रसाचा ओला पेला खाली ठेवून तसाच खेळावयास बसणाऱ्याची गोळी भलतीकडे जाते, याचेही कारण हेच, की पाण्याचा थेंबसुद्धा त्या विद्युत्भारात ढवळाढवळ करतो. अंगठ्यावर चढवावयाच्या ज्या कापडी टोप्या दुकानांत मिळतात, त्या घाम टिपतात व घर्षण कमी करतात. त्यांनी हात चपळ होत नाही.

दुसरा भ्रम अधिक खोल रुजलेला आहे. एखाद्या नामांकित खेळाडूचा ‘सेन्सिटिव्हिटी कोड’ उतरवून घेतला की त्याचा नेमही आपल्या हाती आला, अशी अनेकांची दृढ श्रद्धा असते. हे आकडे कशाचे असतात? गोळीबार चालू नसताना बोट सरकविल्यास दृष्टी किती वळावी हे कॅमेऱ्याच्या आकड्याने ठरते. गोळ्या सुटत असताना बोट खाली ओढल्यास बंदूक किती खाली यावी हे एडीएसच्या आकड्याने ठरते. आणि मोबाईल हाताने तिरपा केल्याचा परिणाम जायरोचे आकडे ठरवितात. दुर्बिणीगणिक हे सर्व पुन्हा निरनिराळे. आता काचेची लांबीरुंदी, अंगठ्याचा पल्ला, दोन अंगठ्यांनी खेळण्याची किंवा चार बोटांच्या ‘क्लॉ’ची सवय ही ज्याची त्याची वेगळी असताना, एकाच्या मापाचा अंगरखा दुसऱ्यास कसा बसावा?

याचा दाखला खेळातच आहे. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये एखाद्या भिंतीसमोर उभे राहून, बोट मुळीच न ओढता, एकेएम या बंदुकीच्या गोळ्या सलग सोडून पाहाव्यात: पहिल्या खुणा नेमाच्या आसपास उमटतात आणि उरलेल्या, उसाला तुरा यावा तशा, वर वर चढत जातात. हाच रिकॉइल. एम४१६ ही बंदूक घेतल्यास ती चढण सौम्य होते, खाली बसून झाडल्यास आणखी कमी होते. आणि जी चढण उरते तितकीच अंगठ्याने खाली ओढावयाची, कमी नव्हे वा अधिक नव्हे. हे प्रमाण भिंतीवरील खुणा पाहत स्वतःच्याच हाताने बसवावे लागते. उसन्या आकड्यांना ते ठाऊक नसते.

महागड्या मोबाईलवाचून गत्यंतर नाही, असेही मानले जाते. सेकंदास ६० चित्रे दाखविणारा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी पालटतो, १२० चित्रांचा ८.३ मिलिसेकंदांनी, हा लाभ खरा आहे, आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु शेताच्या बांधावर नेटवर्क क्षीण होऊन पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत येण्यास लागणारा वेळ, शंभर मिलिसेकंदांवर गेला, तर त्या आठ मिलिसेकंदांची मातब्बरी ती काय? तेथे मोबाईल बदलण्यापेक्षा जागा बदलणे शहाणपणाचे.

जायरो वापरणे ही लबाडी, हा आरोप तर सर्वस्वी निराधार आहे. ती खेळाच्याच सेटिंगमध्ये सर्वांस दिलेली मुभा आहे. नेम आपोआप लावून देणारी बाहेरची करामत ती लबाडी, आणि त्याबद्दल खाते कायमचे बंद होऊ शकते.

हा खेळ सरकारने बंद केलेला आहे, अशी वडीलधाऱ्या मंडळींची समजूत याच खेळाचा आधीचा अवतार असलेल्या पबजीवर २ सप्टेंबर २०२० रोजी आलेल्या बंदीपासून चालत आली आहे. बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये अ‍ॅप स्टोअरांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. परतताना १८ वर्षांखालील खेळाडूंस दिवसाला तीन तास व इतरांस सहा तास अशी मर्यादा त्यावर होती. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे अशा पडद्यावरील खेळांच्या स्पर्धांना, मान्यताही दिली.

तेव्हा हात कोरडे पुसा, उसने आकडे पुसून टाका, एकच बंदूक घ्या आणि दहा मिनिटे त्या भिंतीसमोर उभे राहा.