फिल्म-स्कॅनर घेताना : किंमत आणि हमी

देवास गेट परिसरातील आपल्या अनेक व्यवसायबंधूंच्या कपाटांत परिषदांच्या ३५ मि.मी. स्लाइड्स आणि मुलांच्या बालपणीच्या निगेटिव्ह्ज जपलेल्या असतात. त्या संगणकावर उतरविण्यासाठी अनधिकृत आयातीचा स्कॅनर स्वस्त पडतो. मात्र उत्पादकाची हमी त्यास भारतात सहसा लागू होत नाही. निकॉनच्या कूलस्कॅन यंत्रांचे उत्पादन तर २०१० च्या सुमारास थांबले. त्यांतील ९००० या यंत्रास लागणारी फायरवायर जोडणी आजच्या संगणकांत सहसा नसते. म्हणून पक्के बिल व विक्रेत्याची लेखी हमी घ्यावी आणि आपलीच एखादी स्लाइड समक्ष स्कॅन करून पाहावी. बचत एकाच दुरुस्तीत संपणार असेल, तर अधिकृत विक्रेताच बरा. स्कॅननंतरही मूळ फिल्म जपावी. यंत्र पुन्हा घेता येते, बालपण नाही.