मोटारीचा थर्मोस्टॅट काढून टाकूं नये, बदलावा

करंजीच्या किंवा चंदनापुरीच्या घाटांत जुनी जीप अथवा मारुती ८०० तापूं लागली म्हणजे पुष्कळ मिस्त्री एकच उपाय सुचवितात : थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळें फिरूं द्या. हा सल्ला ऐकण्यास सोपा व पदरचा पैसा न मागणारा असल्यामुळें आमच्या शेतकरी बंधूंस तो लगेच पटतो. आमच्या मतें तो चुकीचा आहे. ज्यास विहिरीवरील इंजिन उघडून बसविण्याची संवय आहे, त्यास हा भाग घरच्या अंगणांत बदलतां येतो.

इंजिनाच्या भोवतीं खेळणारें पाणी रेडिएटरांत जाऊन निवतें व परत येतें, हें सर्वांस ठाऊक आहे. या वाटेवर बसविलेली झडप म्हणजे थर्मोस्टॅट. पाटाच्या पाण्यावर दारें धरणारा गडी जें काम करतो, तेंच हा करतो. त्याच्या पोटांत एका लहानशा धातूच्या डबींत मेण असतें. इंजिन थंड असतां झडप बंद राहते, पाणी इंजिनांतल्या इंजिनांत फिरून लवकर तापतें. ठराविक उष्णतामानास मेण वितळून फुगतें, दांडा ढकलला जातो व झडप उघडते. हा आंकडा, बहुधा ८२ किंवा ८८ अंश सेंटिग्रेड, थर्मोस्टॅटवरच उमटविलेला असतो.

आतां हा दारें धरणारा गडीच काढून टाकला तर काय होईल ? पौष महिन्यांत आमच्याकडे रात्रीं पारा दहा अंशांच्या खालीं उतरतो. पहाटे भाजीपाला घेऊन बाजारास निघालेली गाडी मुक्कामास पोहोंचेपर्यंत पुरती तापत नाहीं. थंड इंजिनांत पेट्रोल नीट उडून जात नाहीं. तें सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढतें व खालच्या तेलांत मिसळतें. पाण्याची वाफ तेथेंच थिजून तेलाचा चिकट गाळ होतो, रिंगा झिजतात, इंधन जास्त लागतें. शिवाय कांहीं इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतांनाच आडवाट बंद करतो. तेथें तो काढला म्हणजे बरेंच पाणी आडवाटेनेंच फिरत राहतें, रेडिएटरास कमी मिळतें, आणि ज्या तापण्यासाठीं हा उपद्व्याप केला तें तापणें कायमच राहतें.

मात्र बंद स्थितींत अडकलेला थर्मोस्टॅट हा त्याहून मोठा शत्रु होय. मारुती ८०० चें हेड अॅल्युमिनियमचें आहे. तें अति तापलें कीं वांकतें व पॅकिंग जळतें. कांहीं शे रुपयांच्या भागासाठीं इंजिन उतरविण्याची पाळी येते.

दोष ओळखण्यापूर्वीं पाण्याची पातळी, पट्टा व पंखा पाहून घ्यावा. नंतर थंड इंजिन चालूं करून रेडिएटराच्या वरच्या रबरी नळीस अधूनमधून हात लावावा. ती कांहीं वेळ गार राहून मग एकाएकीं गरम झाली तर थर्मोस्टॅट ठीक आहे. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेली तर तो उघडा अडकला आहे. कांटा वर चढला तरी नळी गारच राहिली, तर तो बंद अडकला आहे असें समजून इंजिन तत्काळ थांबवावें.

काम इंजिन पूर्ण निवल्यावरच हातीं घ्यावें. झांकणाच्या दाबाखालीं पाणी शंभर अंशांच्या बरेंच वर जाऊनही उकळत नाहीं; गरम असतां झांकण उघडल्यास त्याची एकदम वाफ होऊन तोंड भाजतें. रेडिएटरांतील पाणी खालून भांड्यांत काढावें. बहुतेक जुन्या गाड्यांत वरची नळी इंजिनास जेथें मिळते, तेथें दोन-तीन बोल्टांचें झांकण असतें, त्याखालीं थर्मोस्टॅट बसतो. जुनें पॅकिंग खरवडतांना भोंकांत चिंधी कोंबावी व अॅल्युमिनियमवर ओरखडा पाडूं नये. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूस ठेवावी; उलटा बसविल्यास गाडी पहिल्याच फेरींत उकळेल. कडेस हवा जाण्याचें बारीक छिद्र असल्यास तें वरच्या अंगास यावें. बोल्ट आळीपाळीनें थोडे थोडे आवळावे.

नवा भाग बसविण्यापूर्वीं तपासून घेणें बरें. पातेल्यांत पाणी घेऊन, तळास न टेकेल असा दोऱ्यानें टांगून, शेजारीं थर्मामीटर धरून तापवावा. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच आहे, त्यामुळें उघड्या पातेल्यांतील पाणी सुमारें ९८ अंशांसच उकळूं लागतें. ८८ अंशांस उघडूं लागणारा थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्यास आणखी दहा-बारा अंश लागतात. तो पातेल्यांत अर्धवट उघडलेला दिसला म्हणून दुकानदाराशीं भांडूं नये. वेळेवर उघडूं लागला व निवतांना मिटला, एवढें पुरे.

भरावयाचें पाणी हा आमच्याकडे खरा कळीचा प्रश्न आहे. प्रवरेच्या कालव्याखालीं ज्या जमिनी खारावल्या, तेथील विहिरींचें पाणी पिकास जितकें वाईट तितकेंच इंजिनास; क्षारांचा थर थर्मोस्टॅटवर बसला कीं नवाही अडकतो. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या प्रमाणांत घालावें. काढलेलें जुनें कूलंट मात्र गोठ्याजवळ क्षणभरही उघडें ठेवूं नये. तें चवीस गोड व अत्यंत विषारी असतें. वासरूं किंवा कुत्रें चाटून जाईल. झांकणाच्या डब्यांत भरून तें मुलांच्या व जनावरांच्या हातातोंडास लागणार नाहीं असें ठेवावें, ओढ्यांत ओतूं नये.

शेवटीं, पंप जशी हवा धरतो तशी इंजिनांतील वाटही धरते. म्हणून झांकण उघडें ठेवून इंजिन मंद चालवावें. वरची नळी गरम होऊन बुडबुडे थांबले कीं पातळी पुरी करून झांकण लावावें, व दुसऱ्या दिवशीं इंजिन थंड असतां पातळी पुन्हां पाहावी.